आत्याच्या बाजूची पानं

आमच्या वाचनालयाच्या बाईंनी मला या अंकासाठी ‘तुझ्या कामाबद्दल’ लिहायला सांगितलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. असं लिहिणारी माणसं निवृत्त असतात. मुख्याध्यापक, नर्स, वीज मंडळातले वायरमन. मी एकवीस वर्षांची आहे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच आहे. निवृत्त होण्यासारखं माझ्याकडे काय असणार?

बाई म्हणाल्या, “कपड्यावर मणी किती वर्षं लावलेस?”

“आठवीपासून. सहा-सात वर्षं.”

“आणि आता लावतेस?”

“नाही.”

“मग झालीस की निवृत्त,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारून पुढच्या माणसाकडे वळल्या.

म्हणून लिहिते आहे. मला फार नीट मांडता येत नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

लग्नातल्या ब्लाउजच्या पाठीवर जे चमकतं, ते मशीननं केलेलं असतं असं पुष्कळांना वाटतं. काही असतंही. पण चांगलं काम हातानं होतं, एकेक मणी टिपून. आणि ब्लाउज शिवल्यावर होत नाही, आधी होतं. टेलर नुसत्या कापडावर खडूनं गळा, पाठ, बाही आखून देतो. ते कापड एका लाकडी चौकटीवर चारी बाजूंनी ताणून बांधायचं. या चौकटीला आम्ही खाट म्हणतो, जरी तिच्यावर कुणी झोपत नाही. कापड इतकं ताणायचं की टिचकी मारली तर डफासारखं वाजलं पाहिजे. मग नक्षीचा कागद, ज्याला रेषांवरून सुईनं बारीक भोकं पाडलेली असतात, तो कापडावर ठेवायचा आणि वरून रॉकेलमध्ये कालवलेली खडूची पूड बोळ्यानं फिरवायची. कागद उचलला की खाली ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या ठिपक्यांवरून चालत जायचं. लांब बारीक सुई, मेण लावलेला दोरा. वाटीतला मणी सुईच्या टोकानं उचलायचा, टाका घालायचा, अर्धं पाऊल मागे येऊन पुन्हा पुढे जायचं. काही मण्यांनंतर खालच्या अंगाला गाठ. बहुतेक जणी दहा-बारा मण्यांनंतर गाठ मारतात. माझी आत्या पाचांनंतर मारायची. “एक तुटला तर पाचच जातील,” म्हणायची. “नवरीनं लग्नात मणी वेचत बसायचं का?”

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, वत्सला. ठाकुर्लीच्या आमच्या चाळीत तिला सगळे वच्छीबाई म्हणतात. तिची खोली आमच्यापासून तिसरी. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, लवकर गेले आणि तिचा मुलगा सुहासदादा ठाण्यात कोलशेतला कंपनीत लागला, तिकडेच त्यानं घर केलं. तो तिला सारखा बोलवायचा. ती म्हणायची, “खाट मावेल का तुझ्या हॉलमध्ये? आधी हॉल मोजून ये.”

खाटेवर दोघी लागतात, समोरासमोर. एकटीनं काम केलं तर कापड तिच्याकडे ओढलं जातं आणि नक्षी तिरकी होते. आत्यासमोर जी बाई बसायची ती गावी निघून गेली, आणि माझी आठवीची सुट्टी होती. आईनं मला एवढंच सांगितलं, “नुसती समोर बस जा, कापड धर.” मी बसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी बाहेरच्यांना सुचणार नाही. आत्या ज्या बाजूला बसायची, तिथून नक्षी सुलटी दिसायची. माझ्या बाजूनं उलटी. शिकवताना ती काही उठून माझ्या शेजारी आली नाही. ती तिकडून करायची, मी इकडून बघायचे. म्हणजे मी हे सगळं काम उलटं शिकले. तिची आवडती नक्षी पिंपळपानाची होती. माझ्याकडून ते पान दिसायचंच नाही, टोक वर आणि देठ खाली, ज्योतीसारखं दिसायचं. कित्येक महिने मी त्याला ज्योत म्हणायचे.

“किती पानं झाली गं?”

“चार ज्योती झाल्या.”

“ज्योती कुठून काढल्यास? भाभी मला हाणेल.”

भाभी म्हणजे रेहानाभाभी. ठाण्यातल्या आणि डोंबिवलीतल्या बुटिकांचं काम त्या घेऊन यायच्या आणि आमच्यासारख्या चार-पाच घरांत वाटायच्या. खाटही त्यांचीच. त्यांची नजर फार तेज. दारात चपला काढता काढता त्यांना खाटेवरची चूक दिसायची.

एकदा भाभींनी एक माप आणलं. घोडबंदर रोडच्या कुठल्या टॉवरमध्ये वास्तुशांत होती आणि मालकीणबाईंच्या साडीला मॅचिंग जाकीट हवं होतं. कागदावर गळा, छाती, लांबी लिहिलेली.

आत्यानं विचारलं, “बाळ किती महिन्यांचं आहे?”

“बाळ नाही वच्छीबाई, कुत्ता आहे.”

आत्यानं कागद परत एकदा बघितला. मग म्हणाली, “मग बाह्या दोन की चार, ते विचारून ये.”

आम्ही हसलो खूप, पण त्या जाकिटावर आत्यानं प्रत्येक मण्याला गाठ मारली. मी म्हटलं, कशाला एवढं, कुत्र्याचं तर आहे. ती म्हणाली, “त्याला कळतं का काय खायचं नि काय नाही? पोटात गेलं म्हणजे?” त्या जाकिटाचा फोटो भाभींनी नंतर मोबाईलवर दाखवला. कुत्रा बिचारा शहाण्यासारखा उभा होता. एकही मणी सुटला नव्हता.

आता मण्याच्या कलण्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. टाका घातला की आपण दोरा स्वतःकडे ओढतो. त्यामुळे मणी किंचित आपल्याकडे कलून बसतो. डोळ्यांना दिसत नाही. पण बोट फिरवलं तर एका दिशेनं गुळगुळीत लागतं आणि उलट्या दिशेनं खरखरीत. खाटेवर दोघी समोरासमोर, म्हणजे दोघींचे मणी दोन दिशांना कललेले. जिथे दोघींचं काम एकमेकींना भेटतं, तिथे बोटाला एक रेघ लागते. आत्या त्याला सांधा म्हणायची. चांगल्या जोडीचा सांधा डोळ्यांना दिसत नाही. पण बोटाला लागतोच, असं ती म्हणायची. डोळे मिटून बोट फिरवून ती सांगायची, “इथपर्यंत मी, इथून तू.” कधी चुकली नाही.

मी एस.वाय.ला गेले त्या वर्षी तिच्या मण्यांच्या वाट्यांची जागा ठरून गेली. आधी वाट्या कुठेही असायच्या. आता ती रोज त्याच क्रमानं लावायची आणि मी हलवली तर चिडायची. मग एके दिवशी तिच्या बाजूच्या पानात फिक्या सोनेरी मण्यांच्या ओळीत तीन चंदेरी मणी दिसले. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पाच. नंतर तिची ओळ ठिपके सोडून बाहेर जायला लागली. तिला साखरेचा त्रास होता, गोळ्या चालू होत्या, पण डोळ्यांचं ती कधी बोलली नाही. सुई ओवायची वेळ आली की म्हणायची, “तुझे डोळे तरणे आहेत, तूच ओव.”

मला कळलं होतं. पण विचारलं तर तिला हो म्हणावं लागलं असतं. हो म्हटलं की भाभींना सांगावं लागलं असतं, भाभींनी खाट उचलली असती, आणि सुहासदादा दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आला असता. माझ्या डोक्यात एवढंच होतं, आत्या इथेच राहायला हवी.

माझं कॉलेज सकाळचं. साडेबाराला घरी यायचे, जेवायचे, दोनला आत्याकडे. आत्या दोन ते तीन झोपायची. पंखा लावून भिंतीकडे तोंड करून. त्या तासात मी तिच्या बाजूचं चुकलेलं काम उसवायला लागले.

पहिल्या दिवशी मी माझ्याच बाजूनं वाकून ते परत केलं आणि बोट फिरवून बघितलं. तिच्या पानाच्या मधोमध खरखर लागली. माझे मणी माझ्याकडे कललेले. हे तिला उठल्या उठल्या कळणार. म्हणून सगळं पुन्हा काढलं आणि मी उठून तिच्या जागेवर जाऊन बसले. त्या जागेवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. समोर पिंपळाचं पान होतं, सरळ, टोक खाली. आणि मला ते करता येईना. सहा वर्षं जे हात आपोआप करत होते, ते सुलट्या पानावर अडखळायला लागले. कुठून वळायचं, कुठे अर्धं पाऊल मागे यायचं, काही कळेना. तासाभरात मी जेमतेम दहा-बारा मणी लावले. तेही तिच्यासारखे नव्हते. ती दोरा हळू ओढते, मी झटक्यानं.

मग मी तिला बघायला लागले. समोर बसून आपलं काम करता करता तिचं मनगट बघायचं, दोरा किती लांब घेते, ओढताना कुठे थांबते. दुपारी तिच्या जागी बसून तसंच करायचं. हे चार-साडेचार महिने चाललं. मी एवढं मन लावून कॉलेजात कधी काही शिकले नाही, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

डिसेंबरात भाभींनी मोठं काम आणलं. नवरीचा शेला. चारी काठांना पिंपळपानं, फिकं सोनेरी काम, लग्नाची तारीख ठरलेली. तेव्हाच माझी सेमिस्टरची परीक्षा आली. तीन दिवस लागोपाठ पेपर, दुपारचे. मला वाटलं, तीन दिवसांचं चौथ्या दिवशी उसवू. भाभी तिसऱ्या दिवशी संध्याकाळीच आल्या. मी पेपर देऊन नुकतीच तिथे पोचलेली, बॅगही खांद्यावरच.

त्यांनी दारात चपला काढल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “हे काय आहे?”

काठावर चंदेरी मण्यांचा एक ठिगळासारखा भाग होता. दोन पानांच्या कडा ठिपके सोडून एकमेकींत शिरलेल्या.

“माझी चूक आहे भाभी,” मी म्हटलं. “घाईत केलं. उद्या काढून देते.”

“तेरा ध्यान कहाँ है आजकल? कॉलेज में जाके बड़ी मॅडम हो गई?” त्या मला बोलत होत्या. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला खरंच बरं वाटत होतं, की आणखी बोला, मलाच बोला.

“तिला कशाला बोलता?” आत्या म्हणाली. “ती बाजू माझी आहे.”

“अगं आत्या, मी तुझ्या बाजूला...”

“तू गप. तीन दिवस तू खाटेवर आलेली नाहीस. पेपर होते तुझे.” मग भाभींकडे वळून, पण नेमकं त्यांच्या तोंडाकडे नाही, थोडं बाजूला बघत ती म्हणाली, “मला दिसत नाही आता भाभी. रंग तर अजिबात नाही.”

रेहानाभाभी खाली बसल्या. आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “पहले बोलना था ना वच्छीबाई.” शेला मी आणि भाभींनी दुसरीकडून आणलेल्या एका मुलीनं मिळून पूर्ण केला. आत्या आमच्या शेजारी बसून मेण लावलेले दोरे कापून द्यायची. लांबी अगदी बरोबर.

नंतर सगळं मला वाटलं होतं तसंच झालं. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याचं सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळायचं. खाट भाभी घेऊन गेल्या. सुहासदादा टेम्पो घेऊन आला. आत्या पुढे त्याच्याजवळ बसली, मांडीवर बाबासाहेबांची तसबीर घेऊन. मला म्हणाली, “अभ्यास कर.” एवढंच.

कल्याणला भाभींच्या ओळखीचं एक वर्कशॉप आहे, तिथे मी महिनाभर गेले. बायका चांगल्या होत्या. पण समोरची बाई हेडफोन लावून बसायची, आणि मी सारखी वर बघायचे. एकदा तिनं हेडफोन काढून विचारलं, “काय पाहिजे?” मी म्हटलं, काही नाही. परीक्षेचं कारण सांगून मी सोडलं.

यंदा पेपर संपल्यावर मी कोलशेतला गेले. आत्या खिडकीशी बसून चाचपत मेथी निवडत होती. पानं एका ताटात, काड्या दुसऱ्यात. एकही काडी पानांत नव्हती.

“पेपर कसे गेले?”

“बरे गेले.”

“बरे म्हणजे? पास होशील ना?”

“होईन गं.”

वहिनी आत चहा ठेवायला गेली. मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही. “आत्या, एक सांगायचं होतं. तेव्हा तुझ्या बाजूचं काम मी...”

“उसवायचीस,” ती म्हणाली. मेथी निवडणं तिनं थांबवलं नाही.

“भाभी आलेल्या त्या दिवशी कळलं ना तुला?”

“त्या दिवशी कशाला? पहिल्याच दिवशी. उठून माझ्या जागेवर बसले तर बसायचं पोतं गरम. मी तासभर तिकडे पडलेली, मग इथे कोण बसलेलं? भूत?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू थांबली असतीस. तू थांबली असतीस तर मी तेव्हाच इथे आले असते.” तिनं एक पिवळं पान चाचपलं आणि बाजूला टाकलं. “आणि मी झोपायचे कुठे? पडून राहायचे. तुझी कात्री ऐकू यायची. तू माझ्या जागेवरून उठलीस की मगच मी कूस बदलायचे.”

तेव्हा मला आठवलं, शेवटी शेवटी तिची झोप लांबत गेली होती. तीनची चार व्हायची. वय झालं, असं मला वाटायचं.

“सुरुवातीला सांधा लागायचा बोटाला,” ती म्हणाली. “रोज हात फिरवायचे ना मी. कुठून कुठपर्यंत तू केलंस ते कळायचं. मग एक दिवस लागेचना. अख्ख्या पानावरून चार वेळा बोट फिरवलं. माझं कुठे संपलं, तुझं कुठे सुरू झालं, काही पत्ता नाही.”

“म्हणजे चांगलं झालेलं?”

“चांगलंच झालेलं. त्या दिवशी रडले मी. मोरीत जाऊन, नळ सोडून. पंचवीस वर्षं हेच काम केलेली माझी बोटं, त्यांना माझं काम ओळखू येईना.” मग थोडं हसून म्हणाली, “गुरू मीच ना तुझी, मग राग कुणावर काढू?”

वहिनी चहा घेऊन आली. चहा झाल्यावर आत्या म्हणाली, “नीघ आता, घोडबंदरला गाडी अडकली की रात्र होईल तुला.” मी तिच्या पाया पडले. उठताना तिनं माझा उजवा हात धरून ठेवला आणि अंगठ्यानं माझ्या तर्जनीचं टोक चाचपून बघितलं, जिथे सुईचा घट्टा असायचा. तो आता जवळजवळ गेला आहे.

ते काम मला पोटासाठी परत करायचं नाही. बी.ए. झाल्यावर नोकरी मिळाली तर मला ती हवीच आहे, आणि आत्यालाही हेच हवं आहे. पण बसमध्ये खिडकीशी बसले आणि मला त्या सगळ्या दुपारी दिसायला लागल्या. पंखा चालू, दार लोटलेलं. ती भिंतीकडे तोंड करून जागी, मी तिच्या जागेवर मान खाली घालून जागी. मी आवाज होऊ नये म्हणून कात्री जपून ठेवतेय आणि ती मला वेळ मिळावा म्हणून निजल्यासारखी पडून आहे. साडेचार महिने, रोज, एका खोलीत. त्या दुपारी परत मिळाल्या तर मी उसवायचं तेवढं उसवीन, पण तिच्याशी बोलत बोलत.